टेंभुर्णीचा फाटा आणि पोटाची तक्रार

पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या माणसाला टेंभुर्णी चुकत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले हे मोठे गाव. पूर्वी ज्याला नऊ नंबरचा हायवे म्हणत आणि आता ज्याचा नंबर ६५ झाला आहे, तो रस्ता इथून जातो. इथूनच एक वाट करमाळ्यावरून अहिल्यानगरला निघते, दुसरी कुर्डुवाडी-बार्शीकडे, तिसरी पंढरपूरला आणि चौथी अकलूजला. जवळच भीमा नदीवर उजनी धरण आहे. १९८० साली ते पूर्ण झाले आणि या कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. ज्वारी-करडईच्या रानात ऊस आला. उसामागून साखर कारखाने, एम.आय.डी.सी. आणि ट्रक आले. हंगाम सुरू झाला की कोयते आणि लेकरे घेऊन ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात.

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि टेबलावर बसलो, तो आजतागायत. सुटीच्या दिवशी मात्र समाजकार्यासाठी जिल्ह्यात फिरणे होते. टेंभुर्णीला वर्षातून चार-पाच वेळा तरी जातो. बैठक शिष्यवृत्तीची असो की घरकुलाची, ती संपली की बायाबापड्या मागे थांबतात आणि दुखण्यांच्या गोष्टी निघतात. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाची साखर. पण एक दुखणे असे आहे, की ते चारचौघांत कुणी काढत नाही. माझी पत्नी बरोबर असली तर तिला बाजूला घेऊन सांगतात. साठी ओलांडलेल्या एका मावशींनी तोंडाला पदर लावून तिला सांगितले, “पोरी, चार-चार दिस परसाकडला व्हत न्हाई. पोट दगडावानी झालंय. कुणाला सांगावं?”

कुणाला सांगावे, हाच या दुखण्याचा अर्धा भाग आहे. म्हणून आज त्याविषयी मोकळेपणाने लिहितो.

दुखणे कशाला म्हणायचे?

रोज पोट साफ झालेच पाहिजे, असा नियम नाही. कुणाला दिवसातून दोनदा होते, कुणाला एक दिवसाआड. पण आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडा होणे, फार जोर करावा लागणे, होऊनही मोकळे न वाटणे, ही लक्षणे महिनोन् महिने राहिली तर त्याला जुनाट मलावरोध म्हणतात. आतड्यांत मल जितका जास्त वेळ राहतो, तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कठीण होतो. कठीण झाला की बसायची भीती वाटते. भीतीने माणूस टाळतो. टाळले की आणखी कठीण होतो. पुढे मूळव्याध आणि चीर पडणे हे पाहुणे येतात. ‘साधं पोट साफ होत नाही, त्यात काय एवढं’ असे म्हणणाऱ्याने हा फेरा एकदा समजून घ्यावा.

टेंभुर्णीच्या फाट्यावर उभे राहिले की हा फेरा कुठून सुरू होतो ते दिसते. कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेला कामगार पहाटे चहात खारी बुडवून खातो आणि पळतो. ट्रकवाला दिवसभर सीटवर बसून असतो आणि वडापाव-भजीवर दिवस काढतो. ऊसतोडीच्या बाईला पहाटेच्या अंधारातच उठून उरकावे लागते. उजाडले की आडोसा नाही. आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या आपल्या माताभगिनी? त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेत जायला जागा मिळेल की नाही, मिळाली तर पाय ठेवण्यासारखी असेल की नाही, या धास्तीने तहान मारतात. पाणी तुटले की मल वाळतो.

यावर उपाय म्हणून पानटपरीवर आणि औषधाच्या दुकानात चूर्णाच्या पुड्या टांगलेल्या असतात. त्यांतल्या बहुतेकांत सोनामुखी असते. रात्री घ्या, सकाळी मोकळे व्हा. एखाद्या वेळी त्यात वावगे नाही. पण वर्षानुवर्षे रोजची पुडी म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे. बैल चार पावले चालतो. त्याला चारा-पाणी आणि विसावा हवा, हे कुणी पाहत नाही.

सोलापूरहून चीनला गेलेली वाट

चारा-पाणी आणि विसावा पाहण्याचे काम म्हणजे सुश्रूषा. या दुखण्याच्या सुश्रूषेचे एक वेगळे शास्त्र चीनमधल्या परिचारिकांनी बसवले आहे. सोलापूरच्या माणसाला चीन वाटतो तितका परका नाही. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या जी.एस. मेडिकल कॉलेजात शिकले. १९३८ साली भारताने चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी क्वो चिंगलान ही परिचारिका होती. सोलापूरच्या भय्या चौकात आज त्यांचे स्मारक आहे.

कोटणीस आधुनिक शस्त्रक्रियेचे डॉक्टर होते, चिनी वैद्यकाचे नव्हेत. पण त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५८ साली पुन्हा चीनला गेले, सुईने उपचार करण्याची ॲक्युपंक्चर विद्या शिकले आणि परतल्यावर त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली. कोटणिसांच्या नावाने चालणाऱ्या समितीने तिचा प्रसार केला. आपल्या महाराष्ट्रानेही २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे या वाटेवर आपल्याकडची पावले आधीच उमटलेली आहेत.

तिथल्या परिचारिका काय करतात?

चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाची वेगळी रुग्णालये आहेत. १९५६ साली या वैद्यकाची पहिली सरकारी महाविद्यालये निघाली आणि पुढे त्या पद्धतीची सुश्रूषाही शिकवली जाऊ लागली. जुनाट मलावरोधाचा रुग्ण आला की तिथली परिचारिका आधी विचारपूस करते. तोंड कोरडे पडते का, तहान फार लागते का, हातपाय गार पडतात का, मनाला कसला घोर आहे का, कळ येते पण जोर राहत नाही असे होते का?

या उत्तरांवरून ती रुग्णाचे ढोबळ चार प्रकार करते. पहिला उष्णतेचा : तोंड कोरडे, लघवी पिवळी, मल वाळलेला. दुसरा कोंडलेल्या वायूचा : सतत बसून काम, मनात चिंता, पोट फुगलेले. तिसरा अशक्तपणाचा : म्हातारी माणसे, बाळंतीण, मोठ्या आजारातून उठलेली माणसे. चौथा गारठ्याचा : पोट आणि पाय थंड, शेकले की बरे वाटते. आजच्या डॉक्टरांची विभागणी वेगळी असते, हे खरे. पण तत्त्व पटण्यासारखे आहे. सगळ्यांना एकच पुडी द्यायची नाही. तरण्या कामगाराला जे चालेल ते सत्तरीच्या आजीला सोसणार नाही. अशक्त माणसाला जुलाब देऊन आणखी अशक्त करू नये, त्याला ऊब आणि सोसेल असे पोषण द्यावे, असे हे शास्त्र सांगते.

मग येते हाताचे काम. रुग्णाला लघवीला जाऊन यायला सांगतात, उताणे निजवून गुडघे वर घ्यायला लावतात. ऊबदार तळहाताने पोटाच्या उजव्या बाजूला खालून वर, मग बरगड्यांखालून आडवे डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली असे हलके गोल चोळतात. मोठे आतडे याच दिशेने वळलेले असते. जेवणानंतर तासाभराने पाच-दहा मिनिटे हे करावे. गरोदर स्त्री, हर्निया किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण यांना मात्र करू नये.

दाब देण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांवर ‘थिएनशू’ नावाचे बिंदू आहेत. मनगटाच्या मागच्या घडीपासून कोपराकडे चार बोटांवर, दोन हाडांच्या मधे ‘चिकोऊ’ आहे. तिथे अंगठ्याने सोसेल इतका दाब मिनिट-दोन मिनिटे देतात. कानाच्या पाळीवरच्या खोलगट भागातही मोठ्या आतड्याची जागा मानतात. तिथे मोहरीएवढी एक काळी बी चिकटपट्टीने लावतात आणि रुग्णाला दिवसातून तीन-चार वेळा ती दाबायला सांगतात. काही ठिकाणी औषधी वनस्पतींची पूड कालवून बेंबीवर लेप देतात. संध्याकाळी कोमट पाण्यात पाय सोडून बसवतात.

आणि वेळ. चिनी वैद्यक पहाटे ५ ते ७ ही मोठ्या आतड्याची वेळ मानते. रुग्णाला रोज त्या सुमाराला, कळ असो वा नसो, थोडा वेळ बसायची सवय लावतात. आजचे डॉक्टरही सांगतात, की सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर आतड्याला आपोआप गती येते. ती संधी दवडू नये. आपला पहिल्या पाळीचा कामगार नेमक्या याच वेळेला बसस्टॉपवर उभा असतो.

आपल्या घरातलीच विद्या

टेंभुर्णीच्या वस्तीत मी हे सांगितले तेव्हा बाया हसल्या. एक आजीबाई म्हणाल्या, “ह्यात नवं काय? बेंबीभोवती हिंग लावून लेकरांची पोटं आम्ही चोळलीच की.” खरे आहे. तान्ह्याच्या बेंबीभोवती हिंग उगाळून लावणे म्हणजे बेंबीवरचा लेपच. अंगाला लावणाऱ्या बाईचा हात बाळाच्या पोटावर गोल फिरतो, तीच ही मालीश. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून बाळाला लावण्याची रीत जुनी आहे. चीनमध्ये सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग नावाच्या वैद्याने मध आटवून त्याची बोटाएवढी वात करून गुदद्वारात ठेवायला सांगितली होती. तिथला मध आणि इथला देठ, दोघांचे काम एकच. (देठाऐवजी साबणाची वडी लावतात, ती मात्र लावू नये. आतली कातडी भाजल्यासारखी होते.)

काष्ठौषधीच्या दुकानात रेवंदचिनी मिळते. तिच्या नावातच चीन आहे. चिनी वैद्य मलावरोधावर तिची मुळी फार पूर्वीपासून वापरतात. पण ती आणि सोनामुखी एकाच जातीची रेचके आहेत. ती फार दिवस घेतल्यास आतड्याच्या आतल्या अस्तराचा रंग काळपट होतो, हे तपासणीत दिसून येते. चिनी औषध किंवा झाडपाल्याचे म्हणून ते निर्धोक, असे समजू नये.

मग आपल्याकडून हरवले काय? हात हरवला. लेकराच्या पोटावर फिरणारा हात म्हाताऱ्या सासऱ्याच्या पोटावर फिरत नाही. त्यांच्या उशाशी पुडी ठेवली की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. चीनमधल्या परिचारिकांनी एवढेच केले, की घरातल्या शहाणपणाला शिस्त लावली : कुणाला, किती वेळ, कोणत्या दिशेने, कधी करायचे नाही, आणि गुण आला की नाही याची रोजची नोंद.

पुरावा काय सांगतो?

आपण बाबासाहेबांचे अनुयायी. सांगोवांगी गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हेत. म्हणून पुरावाही पाहू. चीनमधल्या १५ रुग्णालयांत १,०७५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीव्र जुनाट मलावरोधाच्या निम्म्या रुग्णांना आठ आठवडे विजेचा हलका प्रवाह सोडलेल्या सुयांचे खरे उपचार दिले, उरलेल्यांना नुसते दिखाव्याचे. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा आपोआप पूर्ण पोट साफ होऊ लागलेले रुग्ण खऱ्या उपचारात शंभरात ३१ होते, दिखाव्याच्या उपचारात १२. म्हणजे फायदा आहे, पण सगळ्यांना नाही. शंभरातल्या ६९ जणांना तेवढा गुण आला नाही, हेही लक्षात ठेवावे. कानावरच्या बीचे, बेंबीच्या लेपाचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत, परंतु बरेचसे लहान आणि कच्चे आहेत. पोटाच्या मालिशीने आराम पडतो, असे इतर देशांतही आढळले आहे आणि तिला पैसा लागत नाही. सुया टोचून घ्यायच्या तर नोंदणी असलेल्या जाणकाराकडूनच घ्याव्यात.

ताटातले औषध

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी महाराष्ट्रभर गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात जेमतेम ३. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन भाकऱ्या, हरभऱ्याची किंवा मेथीची भाजी, मूठभर शेंगदाण्याची चटणी, एखादा पेरू एवढ्यात हिशेब बसतो. तीळही दोन्हीकडे आहेत. चिनी परिचारिका म्हाताऱ्या रुग्णाला तिळाची पेज देते, आपण चटणी करावी. गरिबाची म्हणून ज्या भाकरीची लाज वाटू लागली, तिच्या जागी पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा आला. हा बदल पोटाने मानलेला नाही. मात्र चोथा वाढवला तर पाणीही वाढवावे. कोरडा चोथा उलट अडून बसतो.

बसायला जागा

इथवरचे सारे घरात करता येईल. पण पाणी प्यायचे तर जायला जागा हवी. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याविषयी एक प्रसंग आहे. भिक्खू शौचकुटीत ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. नवदीक्षित भिक्खू आधी येऊनही थांबून राहत आणि कळ दाबून धरल्यामुळे चक्कर येऊन पडत. हे भगवान बुद्धांना कळले तेव्हा त्यांनी नियम घालून दिला, की शौचकुटीत येण्याच्या क्रमाने जावे. जो आधी आला, तो आधी जाईल. मग तो कालचा का असेना. इतर पुष्कळ बाबतींत ज्येष्ठतेचा मान ठेवणाऱ्या संघात इथे मात्र मोठा-लहान राहिला नाही. शरीराची कळ दर्जा ओळखत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

आमच्या ओळखीची एक मुलगी एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे पाळीत दोनदाच जायची मुभा होती आणि तेही मुकादमाला विचारून. पुरुष मुकादमाला काय विचारायचे, म्हणून ती जातच नसे. दोन वर्षांत मूळव्याधीची रुग्ण झाली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १९ व्या कलमाने सांगितले होते, की स्त्री-पुरुषांसाठी वेगळी आणि कामाच्या सर्व वेळात वापरता येतील अशी शौचालये हवीत. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही ही जबाबदारी मालकावरच आहे. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावाने सार्वजनिक मुताऱ्यांची चळवळ चालवली. ऊस पट्ट्यातल्या फाट्यांवर, तोडीच्या तळांवर ही मागणी अजून जोराने उठायची आहे. चूर्णाच्या पुडीने ती भागणार नाही.

हे लक्षात ठेवा

शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलणे, पोट फुगून उलट्या होणे आणि वारासुद्धा न सरणे, ही लक्षणे दिसली तर मालीश, बिंदू, चूर्ण सारे बाजूला ठेवून लगेच सरकारी दवाखाना गाठावा. थायरॉइड, मधुमेह, लोहाच्या गोळ्या, काही दुखण्यांच्या गोळ्या यांनीही मलावरोध होतो. म्हणून डॉक्टरांना चालू औषधे दाखवावीत. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. कमोडवर बसणाऱ्याने पायाखाली छोटा पाट घ्यावा, म्हणजे उकिडवे बसल्यासारखे होते.

त्या मावशींना माझ्या पत्नीने पोट चोळण्याची दिशा दाखवली आणि सकाळी नातवंडांच्या गर्दीत आधी आजीला जाऊ द्यायचे, असे सुनेला सांगितले. पुढच्या बैठकीला मावशी आल्या तेव्हा म्हणाल्या, “आता दिसाआड व्हतंय. पर सून हात फिरवती, त्येनंच निम्मं बरं वाटतंय.” घरात असे एखादे माणूस असेल, तर आज रात्री पुडी आणण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.